विमान धाब्यावर येतं, पोलीस म्हणतात आमच्याकडे नाही; मग जायचं कुठे?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंचं म्हणणं थोडक्यात असं. गाव तापीकाठी. दिवाळीपासून आठवड्यातून तीन-चार सकाळी एक लहान विमान येतं, वर चढतं, इंजीन बंद पडल्यासारखं होतं, विमान गिरकी घेत खाली येतं आणि मग गावातल्या धाब्यांवरून, म्हणजे घरांच्या मातीच्या सपाट छतांवरून, घरघरत निघून जातं. गोठ्यात म्हशी दावं तोडतात, आजारी आई दचकून उठते. ठाण्यात गेले तर ‘आकाश आमच्या हद्दीत येत नाही’. कलेक्टर कचेरीतून कागद ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे गेला, तो गेलाच. दिल्लीला मेल केला, उत्तर नाही. आणि शेवटी विचारलंय: नियमच नाहीत, की मोठ्या घरच्या पोरांना ते लागू नाहीत?

मी १९ वर्षं शिकाऊ वैमानिकांना विमान चालवायला शिकवलं, त्यातली बरीच खान्देशात. शेवटची काही वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून अशाच तक्रारींना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे होतं. तुमचा अर्ज ज्या टेबलावर जाऊन झोपतो, त्या टेबलामागे मी बसलेलो आहे. त्यामुळे पुढचं काही तुम्हाला आवडणार नाही, पण उपयोगाचं असेल.

नियम आहेत, आणि चांगले स्पष्ट आहेत. गाव किंवा शहराच्या दाट वस्तीवरून, नाहीतर उघड्यावर जमलेल्या माणसांवरून जाताना विमानाच्या चहूबाजूंच्या ६०० मीटरच्या घेऱ्यात जे काही सगळ्यात उंच असेल, म्हणजे पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, देवळाचा कळस, त्याच्याही वर किमान ३०० मीटर राहायचं. फुटात १०००. बाकी शेत, रान, नदी असेल तिथे जमिनीपासून किमान १५० मीटर, म्हणजे ५०० फूट. सूट दोनच गोष्टींना: उतरणं-उडणं आणि अधिकृत परवानगी. कसरतीचं उड्डाण तर डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या दिल्लीतल्या केंद्रीय नियामकाने, घातलेल्या अटींतच करता येतं. शिवाय विमान नियम १९३७ मधला २१ वा नियम आहे, तो सरळ म्हणतो की कमी उंचीमुळे किंवा माणसांच्या, घरांच्या जवळ गेल्यामुळे विनाकारण धोका होईल असं विमान उडवायचं नाही.

मग कारवाई का होत नाही? इथेच सगळे अडकतात. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. मुद्दाम धोकादायक उडवण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचायला जबरदस्त. पण २०२० च्या दुरुस्तीपासून एक अट आहे आणि ती नव्या कायद्यातही आहे: अशा गुन्ह्याची दखल कोर्टाने घ्यायची तर तक्रार डीजीसीएच्या महासंचालकांसारख्या ठरावीक अधिकाऱ्याची, किंवा त्यांच्या लेखी परवानगीने केलेली असली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने झारखंडमधल्या देवघर विमानतळाच्या प्रकरणातही हीच रेघ ओढली. पोलिसांनी जमवलेलं साहित्य डीजीसीएकडे द्यावं, तक्रार करायची की नाही ते डीजीसीए ठरवेल. म्हणजे तुमच्या ठाण्यातला हवालदार तुम्हाला टोलवत होता, तरी खोटं बोलत नव्हता. दार एकच आहे, ते दिल्लीत आहे, आणि त्या दारातल्या माणसाने तुमचं गाव कधी पाहिलेलं नाही.

तरी ठाण्याला अगदी सोडू नका. गुन्हा नोंदवा म्हणून भांडण्यापेक्षा स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा आणि तिचा क्रमांक घ्या. पत्रा उडाला, जनावर जखमी झालं तर पंचनामा मागा. हे कागद पुढे डीजीसीएला जोडता येतात आणि सरकारी शिक्का असलेल्या कागदाला तिथे वजन असतं.

आता न आवडणारा भाग. ‘इंजीन बंद पडतं, विमान कोसळतं, मग पुन्हा सुरू होतं’ हे वाचून मला पहिल्यांदा कसरत आठवली नाही, स्टॉलचा धडा आठवला. त्यात शिकाऊ पोरगा इंजिनाची ताकद पूर्ण काढून घेतो, नाक वर धरून ठेवतो, पंखांचा आधार सुटतो, नाक खाली पडतं, मग तो पूर्ण ताकद देऊन विमान सावरतो. खालून ऐकणाऱ्याला आधी शांतता, मग एकदम गर्जना. हा धडा आम्ही जमिनीपासून ३००० फुटांच्या वर घ्यायचो. तेवढ्या उंचीवरून आवाज खाली यायला अडीच-पावणेतीन सेकंद लागतात, म्हणून मान वर करेपर्यंत विमान भलतीकडेच दिसतं आणि माणूस जास्तच घाबरतो. माझी पहिली पोस्टिंग होती तेव्हा शेताच्या बांधावरून पोरं ‘इमान उनं, इमान उनं’ (विमान आलं) करत पळायची. शांतता झाली की तीच पोरं जागच्या जागी थिजायची. वरून ते दिसत नाही.

दुसरा धडा आणखी खाली येतो. प्रशिक्षक अचानक ताकद काढून घेतो आणि म्हणतो, ‘इंजीन गेलं, बोल कुठे उतरशील?’ कापूस निघालेलं मोकळं रान, नदीचं कोरडं वाळवंट, असं काहीतरी शोधून विमान तरंगत खाली आणायचं आणि ५०० फुटांवर पुन्हा वर न्यायचं. शेतावर हे चालतं. तुमच्या गावठाणावर चालत नाही, आणि ‘शेत शोधत होतो’ हे गावावरून जायचं कारण होत नाही.

तिसरा प्रकार मात्र निव्वळ माज आहे: ओळखीच्या माणसाच्या घरावरून खालून चकरा मारणं. माझ्याच एका विद्यार्थ्याने मामेबहिणीच्या हळदीच्या मांडवावरून दोन चकरा मारल्या होत्या. मला ते तक्रारीने कळलं नाही, हळदीच्या व्हिडिओने कळलं. करवल्या वर बघून टाळ्या वाजवतायत आणि डाव्या पंखाखालची ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं स्वच्छ वाचता येतायत. त्या दिवसापासून त्याचं उड्डाण बंद केलं आणि कागद वर पाठवला. मांडवाच्या बाजूच्या घरातून आठ दिवसांनी एक अर्जही आला होता. त्यात लिहिलं होतं, ‘विमान फार खालून गेले, लहान मुले घाबरली.’ तारीख नाही, वेळ नाही. नुसता तो अर्ज असता तर मी काय केलं असतं ते प्रामाणिकपणे सांगतो: ‘आमची सर्व उड्डाणे नियमानुसार होतात’ असं उत्तर देऊन फाइल बंद.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसतं. अंमलबजावणी ढिली आहेच, मी ती सावरून धरणार नाही. नियामकाचा माणूस येतो तो ठरलेल्या तपासणीला, वह्या बघतो, हँगर बघतो, चहा पिऊन जातो. सकाळी सात वाजता तुमच्या गोठ्यापाशी कोणी उभं नसतं. पण वैमानिकाने काय केलं याची नोंद बहुतेक वेळा असते, आणि ती त्याच्याच संस्थेकडे असते. ती जागच्या जागी धरून ठेवायला लावणं हे तक्रारीचं काम आहे. लोक शिक्षा मागतात. नोंद कोणी मागत नाही.

कुठली नोंद? कोणतं विमान, कोण प्रशिक्षक, कोण विद्यार्थी, कुठला धडा, कुठल्या सराव क्षेत्रात, हे उड्डाणाआधी परवानगीच्या वहीत लिहिलं जातं. किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं हे जर्नी लॉगबुकात. आणि सेसना १७२ या शिकाऊ विमानाच्या हल्लीच्या, घड्याळांऐवजी संगणकासारखे पडदे असलेल्या प्रकारात जी१००० नावाची प्रणाली असते, तिच्यात मेमरी कार्ड घातलेलं असेल तर ती दर सेकंदाला जागा, उंची, वेग त्यावर लिहीत जाते. जुन्या घड्याळवाल्या सेसना १५२ मध्ये ही सोय नसते. हे कार्ड काही अपघाताच्या काळ्या पेटीसारखं कोणी कुलपात ठेवत नाही. भरलं की पुसलं जाऊ शकतं. म्हणून महिनाभर साठवून ठेवलेल्या वीस घटनांच्या अर्जापेक्षा दोन दिवसांत पाठवलेला एका घटनेचा अर्ज कितीतरी जड. त्यात एक वाक्य हवंच: ‘या वेळेच्या उड्डाणाची परवानगी वहीतील नोंद व विमानातील साठवलेली माहिती जतन करावी.’ हे वाक्य आलं की माझ्यासारख्या माणसाची झोप उडायची. त्यानंतर माहिती पुसली गेली तर जबाब मला द्यावा लागणार असायचा.

उंचीबद्दल. ‘फार खालून’ लिहू नका, आकडा लिहा, आणि तो कसा काढला तेही लिहा. सेसना १७२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर. हात पूर्ण लांब केला की डोळ्यापासून बोटं साधारण ६० सेंटिमीटरवर येतात. हे अंतर घरी दोरीने मोजून ठेवा. विमान अगदी डोक्यावर असताना हातातल्या पट्टीवर पंख २.२ सेंटिमीटर भरले तर ते ३०० मीटरवर आहे, ४.४ भरले तर १५० मीटरवर. पट्टी कोण खिशात ठेवतो म्हणाल, तर काडेपेटीची काडी चालते. ती साधारण चार सेंटिमीटर असते. काडीने पंख पूर्ण झाकले नाहीत, दोन्हीकडून पंख बाहेर राहिले, तर विमान जेमतेम ५०० फुटांच्या आसपास किंवा त्याहून खाली. यात एक छान गोष्ट अशी की विमान थोडं तिरकं असेल तर पंख लहान दिसतात आणि मोजलेलं अंतरही तिरकं असतं. म्हणजे चूक होईल ती वैमानिकाच्या फायद्याची, खरी उंची आणखी कमी निघेल. समोरचा हे हिशेब खोडू शकत नाही. विमान सेसना १७२ च आहे ना, एवढंच तो विचारेल, म्हणून अक्षरं टिपायची.

एका गावातले निवृत्त गुरुजी मला सावलीवरून उंची सांगायचे. आधी मी हसलो, मग कागदावर मांडून पाहिलं तर गुरुजी बरोबर. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, त्यामुळे वस्तू जितकी वर तितकी तिच्या सावलीची कड विरत जाते. दुपारी ३०० मीटरवरच्या विमानाच्या पंखांची सावली जमिनीवर जवळजवळ मिटून जाते, नुसता मळकट डाग सरकताना दिसतो. खळ्यात पंखांच्या कडा धारदार दिसल्या तर विमान १५० मीटरच्याही बरंच खाली आहे. पुरावा म्हणून एवढ्यावर कोणी लायसन्स काढून घेणार नाही, पण गुरुजींच्या वहीत तारीख, वेळ, ‘टाकीच्या दक्षिणेकडून, पूर्वेकडे तोंड, सावली धारदार’ असं एकेका ओळीत लिहिलेलं असायचं. त्यांच्या एका ओळीवरून मी दहा मिनिटांत विमान आणि माणूस शोधून काढू शकत असे. त्याच गावातून आधी आलेल्या, बऱ्याच सह्या असलेल्या निवेदनावरून मला काहीच शोधता आलं नव्हतं.

मोबाइलवर शूटिंग करताना विमान मोठं करून धरायचा मोह होतो. आधी पाच-सहा सेकंद तसंच, टाकी किंवा खांब चौकटीत ठेवून घ्या आणि तोंडाने वेळ बोला. मग मोठं करून अक्षरं टिपा. पंखाखालची अक्षरं ५० सेंटिमीटर उंच असतात, अंगावरची ३०.

विमानांचे नकाशे दाखवणारी अ‍ॅप बरीच मंडळी वापरतात, त्यात दोन फसगती आहेत. लहान शिकाऊ विमान तिथे दिसेलच असं नाही, आणि खाली उतरलं की तर हमखास गायब होतं. आणि दिसलं तर अ‍ॅपवरची उंची जमिनीपासूनची नसते. जळगावची जमीनच समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या वर, म्हणजे सातशेक फूट. अ‍ॅपवर १५०० दिसलं तर डोक्यावर उरले आठशे. पावसाळ्यात हवेचा दाब कमी असतो तेव्हा तर अ‍ॅप खऱ्यापेक्षा दोन-तीनशे फूट जास्तच दाखवू शकतं. स्क्रीनशॉट जोडा, पण त्याच्या जिवावर दावा उभा करू नका.

वेळेचा घोळही सांगून ठेवतो. विमानाच्या नोंदी बहुतेक यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असतात. तुमच्या सकाळच्या ७:४० ला त्यांच्या वहीत २:१० असेल. अर्जात दोन्ही लिहा, म्हणजे ‘त्या वेळी आमचं विमान हवेत नव्हतं’ असं उत्तर येणार नाही. असं उत्तर चुकून गेलेलं मी पाहिलंय, आणि मुद्दाम गेलेलंही.

पाठवायचं कुठे? पहिली प्रत प्रशिक्षण संस्थेच्या मुख्य उड्डाण प्रशिक्षकाला आणि सुरक्षा प्रमुखाला, स्पीड पोस्टाने आणि मेलने. दुसरी डीजीसीएच्या मुंबईतल्या प्रादेशिक कार्यालयाला. तिसरी केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर नागरी विमान वाहतुकीच्या खात्यात, कारण तिथे क्रमांक मिळतो, २१ दिवसांत निपटारा अपेक्षित असतो आणि उत्तर पटलं नाही तर अपील करता येतं. एअरसेवावर वेळ घालवू नका, ते मुख्यतः प्रवाशांच्या तिकिटा-सामानासाठी आहे. महिना उलटला की १० रुपये भरून डीजीसीएकडे माहिती अधिकारात विचारा: माझी तक्रार कोणत्या तारखेला मिळाली, कोणाकडे गेली, संस्थेकडून कोणता खुलासा मागवला, त्याची प्रत. संस्था खासगी असली तरी सरकारी कार्यालयाला कायद्याने तिच्याकडून जी माहिती मागवता येते, ती माहिती अधिकार कायद्याच्या २(च) कलमाच्या व्याख्येत बसते. विद्यार्थ्याचं नाव मागू नका, तिथेच अर्ज नाकारायला निमित्त मिळतं.

अर्ज एका पानाचा. तुमच्या मेलमध्ये ‘१५०० फुटांखाली कसरतींना बंदी आहे’ असं लिहिलंय, ते अमेरिकेच्या नियमातलं आहे. इंटरनेटवर तेच आधी सापडतं. इथल्या कार्यालयाने एवढ्या एका चुकीवरून सगळा मेल बाजूला ठेवला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. गाव धावपट्टीच्या सरळ रेषेत, तीन-चार किलोमीटरच्या आत असेल तर विमान खाली दिसणारच, तिथे तक्रार चालत नाही, बोलणी चालतात. मुख्य प्रशिक्षकाला गावात बोलवा. वेळा बदलणं, वळण गावाच्या बाहेरून घेणं, सराव क्षेत्र आलटून पालटून वापरणं हे त्याच्या हातात असतं. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारची हवा इतकी उकळते की लहान विमान हेलकावे खातं, म्हणून पहाटेचं उड्डाण टळत नाही. पण तेच रोज एकाच गावावर का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि ते करड्या रंगाचं, कानठळ्या बसवणारं जेट असेल तर ते लष्करी. ओझरच्या कारखान्यात सुखोई तयार झाली आहेत. त्यांच्यावर डीजीसीएचा अधिकार नाही, तिथे कलेक्टरमार्फत हवाई दलाला लिहायचं.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी ‘लेझर मारा, आपोआप जातील’ असं सुचवलंय. त्या भाऊंना हात जोडून सांगतो, असलं काही करू नका. डोळे दिपलेला विद्यार्थी विमान घेऊन गावाबाहेर जाईलच याची हमी नाही. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या रानात शिकाऊ विमान पडलं, प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. साडीची झोळी करून तिला डोंगरातून खाली आणणारे आदिवासी गावकरीच होते.

तुरुंगाची अपेक्षा ठेवू नका. माझ्या अनुभवात पक्क्या तक्रारीचा शेवट होतो तो प्रशिक्षकाच्या लेखी खुलाशात, सराव क्षेत्र हलवण्यात, आणि प्रकरण गंभीर असेल तर लायसन्स काही महिने निलंबित होण्यात. एक कोटीच्या आकड्याला वैमानिक फारसा भीत नाही, निलंबनाला भितो. नोकरीच्या प्रत्येक अर्जात ते पुढे लिहावं लागतं.

म्हशींचं दूध आटलं असं तुम्ही लिहिलंय, ते अर्जातून काढू नका, फक्त डेअरीच्या त्या आठवड्याच्या पावत्या जोडा. आईंना दवाखान्यात नेलं त्या दिवशीचा केसपेपर जोडा. आणि इथे खाली एवढं सांगा: धावपट्टी गावापासून किती किलोमीटर, टाकी गावाच्या कुठल्या अंगाला, आणि विमान टाकीच्या अलीकडून जातं की पलीकडून. पहिला अर्ज मी लिहून देतो.